बेसबॉलची फायनल आणि सहाचं विमान

आमच्या जळगावात शाळेच्या सॉफ्टबॉलच्या मॅचेस शेवटच्या एसटीने संपायच्या. पाहुणा संघ चोपड्याचा असो की भुसावळचा, त्यांची गाडी सुटायची वेळ झाली की आमचे खेळाचे सर शिट्टी फुंकायचे, दोन्ही कॅप्टनना बोलावून नाणं उडवायचे आणि निकाल लावून टाकायचे. कोणी कुरकुर केली तर म्हणायचे, "मग यांना झोपायला तू घरी नेणार का?" त्यामुळे सॉफ्टबॉल काय किंवा त्याचा थोरला भाऊ बेसबॉल काय, बरोबरी झाली तर हा खेळ कितीही वेळ चालू शकतो, हे मला नियम म्हणून माहीत असलं तरी कधी अंगावर आलं नव्हतं. ते आलं जर्मनीत, आणि नेमकं माझी बायको पहिल्यांदा परदेशात उतरणार होती त्याच दिवशी.

मी तेव्हा बॉनच्या विद्यापीठात पीएचडी करत होतो. विद्यापीठाची बेसबॉल टीम होती, म्हणजे कागदावर होती. तिचा कॅप्टन जीवशास्त्राचा विद्यार्थी, दारातून जाताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि त्याला सतत माणसं कमी पडायची. मेन्झामध्ये, म्हणजे आमच्या खानावळीत, त्याने मला गाठलं आणि विचारलं, "भारतातला ना? क्रिकेट खेळत असशील." मी सांगितलं की क्रिकेटमध्ये मला गल्लीतसुद्धा कोणी घेत नव्हतं, पण सॉफ्टबॉलमध्ये मी जिल्ह्याकडून खेळलोय. त्याचा यावर विश्वास बसला नाही. जर्मन माणसाला भारतीय म्हणजे क्रिकेट हे एकदा पाठ झालं की तो ते खोडत नाही. तर मी टीमचा 'क्रिकेटवाला' झालो आणि लेफ्ट फिल्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभा राहू लागलो. कॅप्टन स्वतः फर्स्ट बेसला असायचा. त्याच्या ग्लोव्हमध्ये आलेला चेंडू सुटलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता.

आता बायकोबद्दल. लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले तीन आठवडे आम्ही एकत्र राहिलो होतो. नवऱ्याकडे जर्मनीला जायचं तर आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यायची, असा नियम त्या सुमारास नवाच आला होता. तिने पुण्याला मावशीकडे राहून क्लास केला. लेखी पेपर झकास गेला. तोंडी परीक्षेत एक कार्ड उचलायचं आणि त्यावर चित्र असेल ती वस्तू समोरच्याकडे मागायची, एवढंच होतं. तिच्या कार्डावर पेन्सिल निघाली. घरी जिच्यापुढे दुसऱ्या कोणाला तोंड उघडायची सोय नसते, ती तिथे दगडासारखी बसून राहिली. शब्द येत होता, वाक्य येत होतं, पण घसाच बंद झाला. पुन्हा फी, पुन्हा क्लास, पुन्हा परीक्षा. दुसऱ्या खेपेला ती कशीबशी पास झाली, पण त्या पेन्सिलीची धास्ती तिच्या मनातून गेली नाही.

व्हिसा मिळाला तेव्हा ती फोनवर म्हणाली, "हे बघ, मी तिथे कोणाशी एक अक्षर बोलणार नाही. तू दाराशी उभा राहा. बस, एवढंच."

मी म्हणालो, "काचेचं दार उघडलं की पहिला मीच दिसेन."

तिकीट सासऱ्यांनी काढलं. मुद्दाम रविवारचं, कारण रविवारी जावयाला सुट्टी असते. विमान मस्कतमार्गे फ्रँकफुर्टला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. त्याच रविवारी कोलोनला आमच्या विभागातल्या विद्यापीठांची बेसबॉल स्पर्धा होती. शहाण्या माणसाने कॅप्टनला सरळ नाही म्हणून सांगितलं असतं. मी मात्र छापील वेळापत्रक बघितलं. सकाळी सेमीफायनल, दुपारी फायनल, साडेतीनला बक्षीस समारंभ. कोलोनहून फ्रँकफुर्ट विमानतळ तासाभराचा रस्ता. जर्मनीत गाडी दोन मिनिटं उशिरा आली तर माणसं घड्याळाकडे बघून उसासे टाकतात, आणि अशा देशात छापलेलं साडेतीन म्हणजे साडेतीनच, असा माझा हिशोब. शिवाय आम्ही फायनलला पोचू असं आमच्या आयांनासुद्धा वाटत नव्हतं.

सकाळी पावसाची एक सर येऊन गेली आणि सगळंच तासभर पुढे ढकललं गेलं. मग आम्ही सेमीफायनल जिंकलो. समोरच्या संघाचा पिचर आदल्या रात्रीच्या पार्टीतून अजून पुरता बाहेर आला नव्हता, हे त्याचं मुख्य कारण. त्या मॅचमध्ये आमच्या एकाचा पाय मुरगळला. दोघं सोमवारच्या परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणून आलेच नव्हते. फायनलला आम्ही मोजून नऊ उरलो. बेसबॉलमध्ये नऊ लागतात, आणि आठ झाले तर मॅच समोरच्याला बहाल. मी एकदा मोजलं, मग उगाच पुन्हा मोजलं.

फायनल यजमान कोलोनशीच होती. या स्पर्धेत मॅच सात इनिंगचीच असायची, पण सातवी बरोबरीत सुटली. आठवी झाली, तरी बरोबरीच. आकाश ढगाळ, हवेत गारठा, प्रेक्षकांत कोणाच्या तरी आईने आणलेला केक फिरत होता, आणि मी लेफ्ट फिल्डला उभा राहून स्टेशनच्या दिशेने जाणाऱ्या ट्राम मोजत होतो. फ्रँकफुर्टला आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब होतं, ते नेमकं इटलीला फिरायला गेलेलं. बायको तेव्हा कुठेतरी आकाशात होती आणि तिच्याकडे इथे चालणारा फोन नव्हता. ते काचेचं दार उघडेल, तिला समोर परकी माणसं दिसतील आणि तिचा घसा पुन्हा बंद होईल, एवढंच चित्र माझ्या डोळ्यांपुढे येत होतं. मला आमच्या सरांची आणि त्यांच्या नाण्याची कधी नव्हे इतकी आठवण आली.

आठवी संपल्यावर मी कॅप्टनकडे गेलो आणि सगळं सांगितलं. परीक्षा, पेन्सिल, दार, सगळंच.

"आल्झो, मग तू जा," तो म्हणाला.

"मग आपण आठ राहू."

"गेनाऊ, बरोबर. आठ राहू."

त्याने आवाज चढवला नाही की तोंड पाडलं नाही. त्याने आग्रह केला असता तर मी भांडून निघून गेलो असतो. पण चार वर्षं ही टीम त्याने एकेक माणूस गोळा करून उभी केली होती, त्या उन्हाळ्यात त्याचं शिक्षण संपत होतं आणि आम्ही याआधी कधीही फायनलला पोचलो नव्हतो. मी म्हणालो, "अजून एक इनिंग थांबतो." मग तिथेच अडकलो.

नवव्या इनिंगमध्ये आम्हाला रन मिळाला नाही. त्यांच्या पाळीत दोन आउट झाले, तिसऱ्या बेसवर त्यांचा माणूस उभा, आणि बॅटरने चेंडू उंच उडवला तो माझ्याकडे. चेंडू वर असताना माणसाला विचार करायला किती वेळ मिळतो, हे मला त्या दिवशी कळलं. हा सुटला की त्यांचा रन, मॅच खलास आणि मी ट्राममध्ये. झेल सुटला म्हणून कोणी मला नावं ठेवली नसती, क्रिकेटवालाच तो. मी हे सगळं अगदी स्वच्छपणे मनाशी म्हटलं. तोवर पाय दोन पावलं मागे गेले होते, हात वर झाले होते आणि चेंडू ग्लोव्हमध्ये बसला होता. सरांनी पाचवीपासून लावलेली सवय, ती माझ्या बायकोचा विचार कशाला करेल? सगळे माझ्या नावाने ओरडत धावत आले आणि मला रडू यायचं तेवढं बाकी होतं. कॅप्टन धावत आला नाही. तो फर्स्ट बेसवर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

दहावीतही आम्ही कोरेच राहिलो. त्यांच्या पाळीत पुन्हा दोन आउट, पुन्हा तिसऱ्यावर माणूस. या वेळी चेंडू जमिनीवरून सरपटत दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या असलेल्या आमच्या शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने उचलून फर्स्ट बेसला फेकला; तिथे तो झेलला की तिसरा आउट. छातीच्या उंचीवर आलेला, सरळ, शाळकरी पोराने डोळे मिटून घ्यावा असा थ्रो. तो कॅप्टनच्या ग्लोव्हला लागला आणि खाली पडला. त्यांचा माणूस होमला पोचला. मॅच संपली, कोलोन चॅम्पियन.

समोरची टीम एकमेकांवर उड्या मारत होती. कॅप्टनने पडलेला चेंडू उचलला, माझ्याकडे वळला आणि स्टेशनच्या दिशेने हात केला. "पळ," एवढंच म्हणाला.

पुढे तो आमच्याकडे पोहे खायला आला होता तेव्हा मी त्याला त्या सुटलेल्या चेंडूबद्दल विचारलं. पोह्यांची बशी खाली ठेवून तो म्हणाला, "डोळ्यांवर ऊन आलं होतं." त्या दिवशी सकाळच्या सरीनंतर सूर्य दिसलाच नव्हता. बायकोने न विचारता त्याला आणखी पोहे वाढले.

पण ते नंतरचं. तेव्हा मी पळालो. बूट बदलायचं भान नव्हतं, बुटांचे खिळे ट्राममध्ये खडखड वाजत होते, पँटच्या गुडघ्यांना लाल माती. फ्रँकफुर्टची गाडी मिळाली तेव्हा विमान उतरायची वेळ झाली होती. गाडी सुटली आणि माझा हँडी, म्हणजे मोबाइल, वाजला. सासूबाई.

"अहो जावईबापू, पोचली का आमची?"

"आई, मी येतोच आहे तिथे."

"येतोच म्हणजे? तुम्ही अजून पोचला नाहीत?"

तेवढ्यात बोगदा आला आणि फोन तुटला. कोलोन ते फ्रँकफुर्ट त्या मार्गावर बोगदे फार आहेत, आणि मी त्यातल्या प्रत्येकाचे मनापासून आभार मानले. नंतर फोन पुन्हा वाजला तो मी उचललाच नाही. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, आणि ती दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखी नव्हती.

विमानतळावर मी त्या काचेच्या दाराशी पोचलो तेव्हा तिथे कोणी नव्हतं. म्हणजे माणसं होती, पण बायको नव्हती. मस्कतच्या विमानाची माणसं केव्हाच निघून गेली होती. मी बाकांच्या मागे बघितलं, खांबांच्या मागे बघितलं, स्वच्छतागृहाबाहेर उभा राहिलो. माझ्या बुटांच्या आवाजाने लोक वळून बघत होते. कुठेतरी कोपऱ्यात, सामानावर बसून, तोंड मिटून रडत असेल, असं मला वाटत होतं, आणि तो कोपरा काही सापडत नव्हता.

तेव्हा लाउडस्पीकरवर माझं नाव ऐकू आलं. जर्मन उच्चारात मोडतोड झालेलं, पण माझंच. हरवलेल्या लहान मुलाला हाक मारावी तसं एक बाई सांगत होती की अमुक गृहस्थांनी चौकशीच्या खिडकीपाशी यावं, त्यांची पत्नी त्यांची वाट पाहत आहे.

मी धावलो. खिडकीपाशी ती उभी होती. अबोली रंगाचा ड्रेस, वर माझ्यासाठी आणलेला स्वेटर स्वतःच घातलेला, दोन मोठ्या बॅगा. रडत वगैरे मुळीच नव्हती. खिडकीतल्या बाईंना काहीतरी सांगत होती आणि त्या मान डोलवत होत्या. माझा जीव भांड्यात पडला म्हणजे इतका पडला की मी त्यातल्या एका बॅगेवरच बसलो.

"किती वेळ झाला?" मी विचारलं.

"बराच. दार उघडलं, तू नव्हतास. दोनदा पार रस्त्यापर्यंत जाऊन बघितलं, तरी नव्हतास. मग काय करणार, बोलावंच लागलं." ती माझे गुडघे बघत होती. "तुझं नाव यांना काही केल्या कळेना. मग पेन्सिल मागितली आणि लिहून दिलं."

"पेन्सिल?"

"हो. आधी पेन्सिल मागितली, मग तुला."

मला हसायला आलं आणि ते लवकर थांबेना. खिडकीतल्या बाईसुद्धा हसल्या, कशाला ते न कळता. मी तिला कॅप्टनचं, नऊ माणसांचं, उंच उडालेल्या चेंडूचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मग जिंकलात का?"

"हरलो."

"हरायचंच होतं तर एवढा वेळ कशाला लावलात?"

तेवढ्यात हँडी पुन्हा वाजला. मी तो दचकून तिच्याकडे दिला.

"हो आई, पोचले," ती म्हणाली. "हो गं, नीट पोचले. नाही, काही त्रास नाही झाला." पलीकडून सासूबाई काहीतरी विचारत होत्या. ती माझ्या मातीने माखलेल्या पँटकडे, मग बुटांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हो, हे आलेत ना. दार उघडलं तर समोर हेच उभे."

मी उठलो आणि दोन्ही बॅगा उचलल्या.