खानेसुमारीवाल्या बाई

माझ्या सासूबाईंना कुणी स्वस्थ बसलेलं बघवत नाही, आणि स्वतःला तर अजिबात बसवत नाही. अडतीस वर्षं संगमनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून त्या रिटायर झाल्या. मग मामंजी गेले, आणि २००५ साली प्रसन्नने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना इकडे अमेरिकेत, ट्रॉयला आणलं. खरं सांगते, मला पहिल्याच महिन्यात त्यांचा कंटाळा आला होता.

कारण एक दिवस ऑफिसातून आले तर बाई घरात नाहीत. हातात वही-पेन घेऊन त्या आमच्या रस्त्यावर घरोघरी दारं वाजवत फिरत होत्या. घरात माणसं किती, कामाला कोण जातं, मूळ गाव कोणतं, सगळं वहीत. तेलुगूंची तीन घरं, एक गुजराती, एक पोलिश म्हातारा.

"अहो आई, इथे असं कुणाचं दार वाजवत नाहीत! पोलीस बोलावतील!"

"बोलावू देत. चार खानेसुमाऱ्या केल्यात मी, सई. एकाहत्तर, एक्क्याऐंशी, एक्क्याण्णव आणि दोन हजार एक. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही म्हणजे काय राहणं झालं?"

पोलीस आले नाहीत. पण त्या दिवशी एका दाराने त्यांना आत घेतलं. कोपऱ्यावरच्या लहान घरातली व्हर्ना हचिन्स. वय शहाऐंशी, लग्न केलेलं नाही, मोटारींच्या सीटा शिवायच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी. सासूबाईंनी विचारलं, हाऊ मेनी पर्सन्स? तर म्हणे, "एकच, पण तीन माणसांइतकी भांडखोर." झालं. दोघींचं सूत जे जमलं ते जमलंच. एकीचं इंग्रजी शाळेतलं, दुसरीचं केंटकीच्या डोंगरातलं. त्यांना एकमेकींचं काय कळायचं देव जाणे, पण चहा मात्र रोज व्हायचा.

व्हर्नाची धाकटी बहीण रूबी नदीपलीकडे विंडसरला, कॅनडात. तिकडचा नवरा केला, तो वारला, आता ती तिथल्या वृद्धाश्रमात अंथरुणाला खिळलेली. व्हर्ना दर रविवारी स्वतः गाडी हाकत पूल ओलांडून तिला भेटायला जायची. परतताना सरहद्दीच्या नाक्यावरच्या माणसाने विचारायचं, कुठल्या देशाच्या नागरिक? हिने म्हणायचं, अमेरिकन. की सुटली. चाळीस वर्षं असंच चाललं होतं.

२००७ च्या शरदात बातमी आली की जानेवारीअखेरपासून तोंडी सांगणं बंद. जन्मदाखला नाही तर पासपोर्ट दाखवायचा. व्हर्ना जन्मली घरात, सुईणीच्या हातावर, १९१९ च्या सप्टेंबरात. नोंद कुणीच केली नव्हती. केंटकीतून तिला पत्र आलं की या नावाची नोंद आमच्याकडे नाही. पुढे शाळेचा एक दाखला होता, पण पासपोर्टवाल्यांना जन्माच्या जवळपासचा कागद हवा होता.

"म्हणजे मी जाऊ शकते, पण माझ्याच देशात परत येताना वांधे," व्हर्ना म्हणाली. हसत म्हणाली, पण चहाचा कप न पिताच खाली ठेवला. रूबी आणखी किती दिवसांची, कुणास ठाऊक.

मला तेव्हा फार लाज वाटली. आमच्या घरी कपाटभर प्लॅस्टिकच्या फायली. प्रत्येक मार्कशीट, प्रत्येक दाखला, त्यांच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्या झेरॉक्स. व्हिसाच्या धाकाने आम्ही लग्नाचे फोटोसुद्धा नोटरी करून ठेवलेले. आणि इथलीच जन्मलेली ही बाई, तिच्याकडे कागदाचा कपटा नाही.

लायब्ररीतल्या बाईंनी वाट दाखवली. १९२० सालची अमेरिकेची खानेसुमारी शाबूत आहे, त्यावेळी लिहिलेली पानं जशीच्या तशी कॉम्प्युटरवर बघता येतात. त्यात तान्ह्या बाळाचं नाव सापडलं तर तो पुरावा धरतात. बोलता बोलता त्या हेही म्हणाल्या की १८९० ची पानं जवळपास सगळी आगीत गेली.

"जळाली?" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, किती जणांची पायपीट ती! उन्हातान्हातली!" शंभरावर वर्षांपूर्वीच्या अनोळखी गणकांसाठी त्या दिवसभर हळहळत होत्या.

मग दर शनिवारी मी त्यांना गाडीने लायब्ररीत न्यायचं, हे ठरूनच गेलं. माझी कपड्यांची घडी, भाजी, आमच्या लेकीचा, इशिताचा पियानो, सगळं बोंबललं. दोन शनिवार घालवून सासूबाईंनी विजयी मुद्रेने व्हर्नाला फोन केला. तुझ्या वडिलांचं घर सापडलं, सात मुलं आहेत, पण तू नाहीस.

"कुठले वडील?"

"ली हचिन्स!"

मग व्हर्ना म्हणाली, "शोभा, माझ्या वडिलांचं नाव ऑर्व्हिल होतं."

व्हर्ना ली हचिन्स. मधलं नाव ते बापाचं, हे बाईंनी गृहीतच धरलेलं! मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. दोन शनिवार गेले की हो! त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "मग बापाचं नाव लावत नाहीत तर मध्ये ठेवतात कशाला?"

तिसऱ्या शनिवारी ऑर्व्हिल सापडला. आपल्या बापाच्या घरात, तीन भावांबरोबर. वय एकवीस, शेतमजूर, विवाहित. खाली बायको नाही, बाळ नाही. लायब्ररीतल्या बाईंनी हळूच मान हलवली. कधीकधी माणसं सुटतात, म्हणाल्या. डोंगराळ भाग, जानेवारीतली थंडी. मीही पर्स उचलली. व्हर्नाला काय सांगायचं याचीच जुळवाजुळव मनात चालली होती.

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. पडद्याला नाक लावून बसलेल्या.

"सई, हा विवाहित लिहिलाय ना? मग याची बायको कुठाय?"

"सुटली असेल, आई."

"नवऱ्याच्या घरातून बायको सुटत नाही, सासू चुलीपाशी असते सांगायला. ती घरात नव्हतीच. अगं, पहिलटकरीण ना ती? माहेरी गेली असणार!"

मी म्हटलं, आई, हे केंटकी आहे, संगमनेर नव्हे.

"आई सगळीकडे आईच असते. मी सांगते तुला काय होतं. नियम असतो की माणूस नेहमी राहतो तिथे लिहायचा. पण दारात उभं राहिलं की आजी बाहेर येते. आत बाळंतीण, कडेवर नात. ती म्हणते, हिला लिहा की! माझी नात आहे! नाही कसं म्हणणार? एक्क्याऐंशी साली मी अशा चार नाती लिहिल्या आणि तहसीलदाराच्या शिव्या खाल्ल्या. फोन लाव व्हर्नाला. आईचं माहेरचं आडनाव विचार."

स्टॅम्पर. शेजारच्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं. नावाने शोधून काही येईना, म्हणून सासूबाईंनी त्या भागाची पानं पहिल्यापासून उघडली आणि घर क्रमांक एकपासून वाचायला बसल्या. लायब्ररी बंद व्हायला पंचवीस मिनिटं होती. मी मागे उभी राहून घड्याळ बघत होते आणि, कबूल करते, मनात गणपतीला साकडं घालत होते.

घर एकशे बारा. ईलाय स्टॅम्पर, बायको, दोन मुलगे. खाली मुलगी, आडनाव हचिन्स, वय अठरा, विवाहित, लिहिता-वाचता येतं. त्याखाली नात. व्हर्ना एल. हचिन्स. वयाच्या रकान्यात तीन छेद बारा, म्हणजे तीन महिने. जन्म केंटकी.

सासूबाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडायला लागल्या. मीही रडले. लायब्ररीतल्या बाई दिवे मालवायला आल्या होत्या, त्यांनी गुपचूप दोन प्रती छापून हातात दिल्या.

व्हर्नाने तो कागद भिंगाखाली धरला. स्वतःच्या नावाकडे तिने पाहिलंही नाही. वरच्या ओळीवर थांबली. "आईला वाचता येत होतं," म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

अधिकृत नक्कल मागवली, अर्ज केला, आणि मग वाट बघणं सुरू झालं. जानेवारी संपला. फेब्रुवारीतले दोन रविवार व्हर्ना घरात बसून राहिली. आश्रमातून नर्सचा फोन आला की रूबी दाराकडे तोंड करून झोपते. त्या दोन आठवड्यांत सासूबाईंनी जेवण अर्ध्यावर आणलं होतं. टपालवाल्याची गाडी दिसली की चपला न घालता बर्फात धावायच्या. मी ओरडायचे, पण बूट त्यांच्यामागे घेऊन मीच जायचे.

तेरा तारखेला पासपोर्ट आला.

त्या रविवारी व्हर्ना हट्टाने आम्हा दोघींना घेऊन निघाली. रूबीने डोळे उघडले, बहिणीला ओळखलं आणि पहिलं वाक्य टाकलं, "दोन रविवार कुठे होतीस?" व्हर्ना तिच्या उशाशी बसली, ती तीन तास उठली नाही. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून डब्यातले मेथीचे पराठे खात होतो.

परतताना नाक्यावर सासूबाईंनी माझा हात घट्ट धरलेला. तरण्या अधिकाऱ्याने आमची ग्रीन कार्डं उलटसुलट करून पाहिली, चार प्रश्न विचारले. मग व्हर्नाचा निळा, कोरा करकरीत पासपोर्ट उघडला.

"जन्म कुठला, मॅडम?"

"केंटकी," व्हर्ना म्हणाली. "आजोबांच्या घरी."

त्याने दोन सेकंद पाहिलं असेल. पासपोर्ट परत दिला आणि हाताने पुढे जायची खूण केली.

पुढे जागा मिळताच व्हर्नाने गाडी कडेला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि मोठ्ठा श्वास सोडला. सासूबाईंनी मागून तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने मान वर केली, चष्मा पुसला आणि गाडी पुन्हा सुरू केली.

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली, "जरा लवकर निघू."