साडेआठची वेळ आणि घडीचं स्टूल

"सहा वाजता? पहाटेच्या?" बायकोने माझ्या नकाशावरून मान वर केली.

"मग काय संध्याकाळच्या? सगळे वॉक सकाळीच असतात."

मी सर्व्हेअर. म्हणजे रस्ता, नाला काहीही बांधायच्या आधी जागा मोजून कागदावर आणणारा माणूस. ऑफिस वागळे इस्टेटला, घर डोंबिवलीला. शीळफाट्यापासून आंबिवलीपर्यंत मी न मोजलेला रस्ता शोधावा लागेल. ऑटोइम्यून आजारांच्या संशोधनासाठी निधी जमवणाऱ्या वॉकचा मार्ग आणि वेळ ठरवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, ते साहजिकच माझ्या गळ्यात पडलं. खाडीकाठचा दोन किलोमीटरचा सपाट रस्ता निवडला. मोजणीचं चाक ढकलत दोनदा मोजला. फरक वीतभर. मी खूश.

ऑटोइम्यून म्हणजे शरीराचा पहारेकरी घरच्याच माणसांवर लाठी उगारतो, असं डॉक्टरांनी आम्हाला समजावलेलं. सुनीताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, सांध्यांवर ती लाठी सहा वर्षं पडतेय. हा वॉक स्वतःच्या पायांनी पुरा करायचाच, असं तिने ठरवलेलं. 'जपून चाला,' एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

"अहो, सहाला माझी बोटं वळत नाहीत. दुधाची पिशवी रोज कोण कापतं?"

मीच कापतो. तरी वेळ लिहिताना ते आठवलं नाही. आम्ही सर्व्हेअर उजाडताच कामाला लागतो. ऊन चढलं की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून लांबच्या पट्टीवरचे आकडे नाचायला लागतात. थोडक्यात, दुर्बिणीच्या सोयीची वेळ मी आजारी माणसांना दिली होती.

सोमवारी वेळ बदलून मागायला साहेबांसमोर उभा राहिलो.

"गायकवाड, बॅनर छापून आलेत. वहिनींना आपण स्टेजवर बसवू की! झेंडा दाखवतील."

हे घरी जाऊन सांगायची माझी हिंमत नव्हती. तिथूनच फोन लावला आणि स्पीकर ऑन केला.

"साहेब, तुम्ही आमच्यासाठी चालणार," सुनीता म्हणाली, "आणि आम्ही बसून बघणार होय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"बरं वहिनी, किती वाजता जमेल?"

"साडेआठ. आठपर्यंत अंग मोकळं होतं. आणि मध्ये टेकायला काहीतरी हवं."

साहेबांमधला इंजिनिअर जागा झाला. "खुर्च्या ठेवू. दर किती मीटरवर?"

"ते मीटरात नसतं हो. थकलं की."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग परवानगीसाठी, पाहुण्यांसाठी, सगळे फोन स्वतः केले. बॅनरवरच्या सहावर साडेआठचे स्टिकर लागले. साइटवर आम्ही वापरतो ती घडीची स्टुलं ऑफिसातून निघाली. एकेका पेशंटमागे एकेक सर्व्हेअर, काखेत स्टूल.

रविवारी सुनीता चालली. पाचदा बसली. एकदा खाडीतले बगळे बघायला बसली, असं ती म्हणाली. मी वाद घातला नाही. साहेब कुणालाही 'चला, चला' म्हणाले नाहीत. उलट शेजारी उकिडवे बसून गप्पा मारत राहिले.

शेवटच्या वळणावर मी मागे पडलो. वॉकसाठी हौसेने घेतलेल्या नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलल्या होत्या. सुनीताने वळून पाहिलं. माझ्या काखेतलं स्टूल काढून रस्त्यात मांडलं.

"बसा."

"अगं, शंभर मीटर राहिलेत."

"ते मीटरात नसतं," ती म्हणाली.

मी बसलो. ती पुढे गेली आणि एकटीने रेषा ओलांडली. तिकडून तिने हात हलवला. त्या हाताची बोटं तेव्हा पुरती उघडलेली होती, एवढं लांबूनही दिसलं.

आता आमच्या ऑफिसच्या फॉर्मवर साहेबांनी पहिला रकाना नवा घातलाय: 'इथून कोण चालणार, त्यांना विचारलं का?' तो भरल्याशिवाय मोजणीचं चाक मिळत नाही.