एका तासाची ओवी

उचगावातल्या आमच्या शाळेत सातवीला मी मौखिक परंपरा शिकवते. दरवर्षी तोच तक्ता भिंतीला लावायचा, तेच बोलायचं, मुलांनी तेच उतरवून घ्यायचं. गेल्या वर्षी मात्र मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. गावाबाहेर मेंढरं घेऊन राहणारे एक आजोबा धनगरी ओव्या म्हणतात असं कळलं, म्हणून शाळा सुटल्यावर त्यांना गाठलं.

"ववी रातभर चालती, बाई. तुमच्याकडं येळ किती हाय?"

"एक तास. तोही शाळेचा. पाऊण तासाच्या आत घंटा होते."

ते हसले. "बघू की."

मुख्याध्यापक म्हणाले, "बोलवा, पण फोटो लगेच पाठवा. वरनं मागतात."

आजोबांनी ढोल वाजवायला पुतण्याला सोबत आणलं. देवांच्या नमनातच बराच वेळ गेला. मुलं खुसखुसत होती. मी एका हातानं फोटो काढत होते आणि डोळ्यांनी दटावत होते. मग गोष्ट सुरू झाली. दोन भाऊ मेंढरं चारायला नदीपलीकडं जातात. धाकट्याचा डोळा लागतो, कळप हरवतो, आणि थोरला एकटाच शोधायला निघतो. इथं वर्ग गप्प झाला, आणि घंटा वाजली. गणिताचे सर दारात उभेच होते.

शिक्षकांच्या खोलीत आजोबांना चहा देताना मी म्हटलं, "ऐन रंगात आल्यावर थांबवावं लागलं. वाईट वाटलं."

"बरं झालं घंटा झाली," ते म्हणाले. "फुडचं मला आठवत न्हवतं."

मला चेष्टा वाटली. पण ते हसत नव्हते.

"जोडीदार गेला माझा. त्यो फुडची ओळ धरून द्यायचा, मी म्हणायचो. आता एकट्याला मधलं घावत न्हाय. ह्या पुतण्याला निस्ता ढोल येतोय."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. दोघंही दमलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकताच प्रश्न आला, "मॅडम, थोरला परत आला का?"

"माहीत नाही. आजोबांनाही आठवत नाही."

"मग वहीत काय लिहायचं?"

घरी विचारून या, असं सांगून मी सुटका करून घेतली. दोघा-तिघांनीच विचारलं. एक म्हणाला आला, दुसरा म्हणाला लांडग्यानं खाल्ला. घरात कन्नड बोलणारी एक मुलगी उठली.

"आमच्या अज्जीला ही न्हाय येत. तिनं दुसरीच सांगितली. पण मला ती मराठीत सांगाय येत न्हाय."

"कन्नडमध्ये सांग की मग."

ती आधी लाजली, मग हातवारे करत सांगू लागली. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. निम्म्या वर्गाला काही कळत नव्हतं, मलाही नाही. पण पाय दुखत होते, बोलायला माझ्याकडं काही नव्हतं, आणि ती थांबत नव्हती. मीही तिला थांबवलं नाही.