इम्पोज करून दाखवा

कोंबडीची मान एका घावात उडवायची तर कोंबडीला विचारत बसायचं नसतं, हे फौजदारणीचं पहिलं तत्त्व होतं. दुसरं तत्त्व तिला कधी लागलंच नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीत चिकनचं दुकान होतं, तिथे ती तरणीताठी असल्यापासून सुरा चालवत आलेली. तिच्या सात पिढ्यांत कुणी पोलिसात नव्हतं. पण गिऱ्हाइकाने "जरा बारीक तुकडे करा हं" म्हटलं की ती अशी काही बघायची, की गिऱ्हाईक आपणहून "मोठे असले तरी चालतील" म्हणून मोकळं व्हायचं. त्या बघण्यावरूनच बाजाराने तिला फौजदारीण केलं. दुकानमालकसुद्धा तिच्याशी बोलताना एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवायचा.

अशी बाई आकाशातून पडत नाही. तिला कुणीतरी घडवावं लागतं. पहिले घाव बापाने घातले. सोळाव्या वर्षी ती म्हणाली, मला लग्न नको. बापाने कमरेचा पट्टा काढला, आणि तिच्या तोंडून हो निघेपर्यंत तो पुन्हा कमरेला लावला नाही. आई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. त्या दिवशी तिने घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा घासली, पण बाहेर आली नाही. नवरा मिळाला तो गोदामातला हमाल. दिवसभर पोती उचलून त्याचा हात दुखत असेल असं आपल्याला वाटतं, पण घरी आल्यावर तो हात कधी दुखला नाही. मीठ जास्त पडलं म्हणून मार, कमी पडलं म्हणून मार, आणि बेताचं पडलं तर "गप्प का बसलीस" म्हणून मार. पहिल्या खेपेला दिवस गेले होते तेव्हा त्याने तिला जिन्यावरून ढकललं. ते मूल राहिलं नाही.

दुसऱ्या खेपेला मुलगी झाली. ती रांगायला लागली आणि एक दिवस रांगत रांगत बापाच्या ताटात गेली. त्याने तिला लाथ मारायला पाय उचलला. फौजदारीण तेव्हा ओट्याशी मटण तोडत होती. तिने सुरा हातात फिरवला आणि त्याची बोथट बाजू नवऱ्याच्या गुडघ्यावर घातली. धारेची बाजू वापरली नाही, एवढीच काय ती नवऱ्यावर दया. गुडघा फुटल्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. पुढे तो बरा झाला म्हणजे लंगडत चालण्याइतका झाला, आणि लंगडत जो गेला तो गेलाच.

त्या दिवशी रडणाऱ्या पोरीला पोटाशी धरून तिने शपथ घेतली, की माझ्या पोरीच्या माथी कुणी काही मारणार नाही. कुणाच्या बापाची हिंमत होणार नाही. शपथ चांगलीच होती, तिला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त 'कुणी' म्हणताना बाईने स्वतःला त्यात धरलं नव्हतं.

पोरगी वाढली. अंगाने बारीक, बोलायला त्याहून बारीक. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलींचं गॅरेज होतं. आईची वाट बघत ती लहानपणापासून तिथल्या पायरीवर बसायची. गॅरेजवाले काका शांत माणूस. त्यांनी आधी तिच्याकडे पाना मागितला, मग पाना दिला. विसाव्या वर्षापर्यंत अशी वेळ आली, की गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच नुसत्या आवाजावरून ती सांगायची, चेन सैल आहे. काका म्हणायचे, "हिच्या हाताला गुण आहे." पोरीला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

आईला मात्र हवं होतं. तिने सगळं ठरवून टाकलं होतं. पोरीने इंग्रजी शिकायचं, परदेशात मोठ्या इस्पितळात काचेच्या पलीकडे बसायचं, फोन उचलायचा आणि गोड बोलायचं. हात स्वच्छ राहिले पाहिजेत. हाताला रक्त नको आणि तेलही नको. स्वप्न वाईट नव्हतं हो! पण मारून मुटकून वैद्यबुवा म्हणतात, त्यातला प्रकार. क्लासची वेळ झाली की फौजदारीण रस्ता ओलांडायची, पोरीची वेणी मनगटाला गुंडाळायची आणि भर रहदारीतून तिला ओढत न्यायची. गाड्या करकचून थांबायच्या. एकदा पोरगी गाडीच्या चाकाला धरून बसली, तेव्हा आईने तिच्या बोटांवर चप्पल हाणली. एकदा तिचे तेलाचे कपडे कोंबड्या बुडवायचं पाणी उकळतं त्या शेगडीत जाळले. पोरगी "नको" म्हणायची. एवढा एकच शब्द ती बोलायची आणि तेवढ्याचाच मार खायची.

क्लास टायरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणारे मास्तर म्हणजे हाडं आणि चष्मा. तरुणपणी जहाजावर कारकून होते, त्यामुळे बोलताना अजून थोडे डुलायचे. त्यांची शिकवायची तऱ्हाच वेगळी होती. क्रियापद ते फळ्यावर लिहून द्यायचे नाहीत. "क्रियापद म्हणजे क्रिया. आधी करून दाखवा, मग लिहा," म्हणायचे. ढकलण्याचं क्रियापद आलं तेव्हा वर्गाने टेबल ढकलून दाराबाहेर नेलं. फेकण्याचं आलं तेव्हा ट्यूबलाइट फुटली. शिकायला येणारी सगळी मोठी, पोटामागे धावणारी माणसं. एक वेटर, एक ड्रायव्हर, इस्पितळातली एक हसरी आया, आणखी चारदोन जण. दिवसभर शिव्या खाऊन येणारी ही माणसं तासभर लहान मुलांसारखी हसायची.

मागच्या बाकावर फौजदारीण बसायची. तिने नाव घातलं नव्हतं. पोरगी पळून जाऊ नये म्हणून पहाऱ्याला बसायची. अंगाला कोंबड्यांचा वास. पुढचे दोन बाक आपोआप रिकामे राहायचे. "बाई, आपण बाहेर बसाल का," हे वाक्य मास्तरांनी घरी पाठ केलं होतं, पण तिने बघितलं की ते विसरायचे.

त्या संध्याकाळी क्रियापद होतं 'इम्पोज'.

"सरकार कर लादतं, दंड लादतं, संचारबंदी लादतं, तिथे हे येतं," मास्तर म्हणाले. "हा झाला पहिला अर्थ. पाहुणा येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही, तिथेही येतं. म्हणून सभ्य पाहुणा आधीच विचारतो, माझा भार तर होत नाही ना तुम्हाला? आणि तिसरा अर्थ म्हणजे, समोरच्याला नको असलेलं आपण त्याच्या माथी मारतो. आपलं मत, आपला नियम, आपली आवड. मारणाऱ्याला वाटतं, मी देतोय. हे करून दाखवायला दोन माणसं लागतात. चला, कोण येतं?"

ड्रायव्हरने उठून वेटरच्या डोक्यावर सगळ्यांच्या पिशव्या रचल्या. मास्तर म्हणाले, "हे नुसतं ओझं झालं. ओझं उतरवता येतं." मग आया उठली, सरळ मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसली, पाय वर घेतले आणि चहा मागितला. कितीही खुणा केल्या तरी उठेना. वर्ग पोट धरून हसला. "वा! हा दुसरा अर्थ," मास्तर खूश झाले. "आता तिसरा कोण करतं?"

पोरगी उठली.

वर्गात तिने आजवर तोंड उघडलं नव्हतं. तिने आयाला बाकावर बसवलं. "तू मी हो," म्हणाली. मग बाह्या वर सारल्या, पाय फाकवून उभी राहिली आणि भुवया अशा काही उचलल्या, की पुढचे चार जण आधीच हसायला लागले. तिने आयाची वेणी धरून मनगटाला गुंडाळली.

"बस खाली. उघड पुस्तक. नको? कुणाला विचारून नको? तुला काय पाहिजे ते मला कळतं, तुला कळत नाही!"

आवाज खोलीभर घुमला. एवढ्याशा पोरीतून एवढा आवाज! लोक टाळ्या वाजवायला लागले. मागच्या बाकावर फौजदारीणही हसली. खरंच हसली. तिला वाटलं, पोरगी आजोबाची नक्कल करतेय. हुबेहूब तेच उभं राहणं, तोच राग, फक्त हातात पट्टा नाही. म्हातारा असाच भुवया उचलायचा. बरं झालं, कुणीतरी त्याची चारचौघांत फजिती केली. बरं वाटलं तिला.

"मला कुणी विचारलं होतं?" पोरगी ओरडली. "मग तुला कोण विचारणार!"

हसता हसता फौजदारीण थांबली. पोरीने आजोबाला कधी बघितलंच नव्हतं. तो ती जन्मायच्या आधीच मेला होता. आणि हे शेवटचं वाक्य म्हाताऱ्याचं नव्हतं. ते फौजदारणीने त्याच दिवशी सकाळी, दात घासताना, पोरीला ऐकवलेलं होतं.

ती बाकांमधून गेली नाही, बाकांवरून गेली. पहिली थप्पड तळहाताची होती. सगळं आयुष्य सुरा धरलेला तो उजवा हात पोरीच्या डाव्या कानावर असा बसला, की पोरगी फळ्यावर जाऊन आदळली. दुसरी पाठीवर. तिसरी कुठे बसली ते तिने बघितलंच नाही. मास्तर मध्ये आले, त्यांचा चष्मा आणि नाक दोन्ही फुटलं. ड्रायव्हरने मागून धरलं, तर कोपर बरगडीत बसून तो खाली बसला. "माझी पोर आहे!" ती किंचाळत होती. "मी जन्म दिलाय! मी काय वाटेल ते करीन!" शेवटी चौघापाचांनी मिळून तिला भिंतीशी दाबून धरलं. खोलीत उभा असा एकही बाक उरला नव्हता.

पोरगी उठली. कानातून रक्त मानेवर येत होतं. ते तिने पुसलं नाही. भिंतीला टेकून रुमालात नाक धरलेल्या मास्तरांकडे बघून ती म्हणाली, "सर, हा तिसरा अर्थ." आणि जिना उतरून गेली.

कानाचा पडदा फाटला, आतली नसही गेली, असं डॉक्टर म्हणाले. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही. पोरगी घरी आली नाही. गॅरेजवाल्या काकांची बायको तिला आपल्या घरी घेऊन गेली. रोज सकाळी ती समोरच दिसायची, गाड्यांमध्ये वाकलेली, काळ्या हातांची. फौजदारीण इकडून बघत कोंबड्या तोडायची, आणि अशी तोडायची की हाडांचा चुरा व्हायचा. गिऱ्हाइकं तक्रार न करता चुरा घेऊन जायची. तिला पोरगी परत पाहिजे होती. लाज वाटत होती, राग येत होता, आणि रात्री ती पोरीचं रिकामं अंथरूण घालून ठेवत होती. त्या सगळ्याचं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिला एकच गोष्ट करता येत होती.

एका दुपारी तिने सुरा धुतला, ठेवला आणि रस्ता ओलांडला.

पोरगी उकिडवी बसून चेन घट्ट करत होती. "चल घरी," आई म्हणाली. पोरीने मान वर केली नाही. "ए, चल म्हणते ना!" तरी नाही. फौजदारणीचं डोकं भडकलं. एवढा माज! ती एक पाऊल पुढे आली आणि मग तिच्या लक्षात आलं, की ती पोरीच्या डाव्या बाजूला उभी आहे.

ती गाडीला वळसा घालून उजवीकडे आली. विचारायची सवय नव्हती, वाक्य जुळेना.

"घरी... येतेस का?"

पोरीने वर बघितलं. "नाही."

हात उठला. बाईने उचलला नाही, तो उठला. आणि पोरीने झटकन पाना टाकून तळहाताने उजवा कान झाकला. डोकं वाचवलं नाही, तोंड वाचवलं नाही, उरलेला एक कान तेवढा झाकला.

आईने ते पाहिलं. पण हात निघाला होता, त्याला कुठेतरी जायचंच होतं. तिने तो शेजारच्या लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, सगळ्या ताकदीनिशी. पुन्हा आपटला. पुन्हा. तिसऱ्यांदा आतून काहीतरी कडकन मोडलं आणि दोन बोटं वाकडी होऊन लटकली. काका धावत आले आणि मध्येच थबकले.

पोरीने आईचं मनगट पकडलं. पान्यावर कमावलेली पकड ती. एका हिसक्यात तिला स्टुलावर बसवलं. खोक्यातली पातळ लोखंडी पट्टी काढली, बोटांखाली धरली आणि फडकं गुंडाळायला लागली.

"नको, राहू दे," आई म्हणाली. "आपोआप होईल. सोड."

"गप बस! हात हलवलास तर बघ!"

काका दोन पावलं मागे सरले. रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून बघायला लागला. फौजदारीण जागच्या जागी आखडली. आवाज ओळखीचा होता. आता म्हाताऱ्याचं नाव घ्यायला जागा नव्हती, आणि या वेळी नक्कलही कुणी करत नव्हतं. पोरीच्या भुवया उंच गेल्या होत्या आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. इतकं कुटून इंग्रजीचा एक शब्द तिच्यात उतरला नव्हता. हे मात्र न शिकवता उतरलं होतं. बाईला पट्ट्याचं भय वाटलं नव्हतं, नवऱ्याचं वाटलं नव्हतं. आता पहिल्यांदा वाटलं.

"दुखतंय गं," ती हळू म्हणाली. ती पोरीच्या उजव्याच बाजूला बसली होती.

पोरीने फडकं आणखी आवळलं.