लिनची माफी

विमानतळाच्या दारात माझ्या बॅगेचं चाक बाबांच्या पायावरून गेलं. मी पटकन "सॉरी बाबा" म्हणाले.

"घरात कसलं सॉरी? तिकडच्या लोकांसाठी ठेव," बाबा म्हणाले. आई हसली, आणि मी ट्रॉली ढकलत आत गेले.

आता मँचेस्टरमध्ये हेच माझं काम आहे. युनिव्हर्सिटीत परदेशी विद्यार्थ्यांना मी इंग्लिश लिहायला शिकवते. बहुतेक चीनमधले. ईमेलमधून माफी कशी मागायची यावर आमचा एक अख्खा क्लास असतो. एका ओळीत सॉरी, एका ओळीत कारण, मग काम कधी देणार ते. त्यांची माफी मात्र लांबून चालत येते. आदरणीय टीचर, रविवारी त्रास देते आहे, सर्दी झाली होती, तरी चूक माझीच, मी तुम्हाला निराश केलं. थंडी आहे, गरम पाणी प्या. उत्तर द्यायची गरज नाही. मला हे परकं वाटत नाही. शाळेसाठी माझ्या रजेच्या चिठ्ठ्या बाबाही इतक्याच अदबीनं लिहायचे. तरीही मी त्यातल्या ओळी कापत जाते.

मार्चमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीचा, लिनचा मेल आला. निबंध एक दिवस उशिरा देईन. मला वाढवणारे आजोबा महिन्यापूर्वी वारले, ते काल कळलं. हे कारण पुरेसं नाही. चूक माझी आहे.

यातलं मला काहीच कापता आलं नाही. मी तिला बोलावून घेतलं. परीक्षा होती म्हणून तिच्या आईवडिलांनी लपवलं होतं. चुलत बहिणीच्या तोंडून निसटलं.

"यात तुझी चूक कुठे, लिन?"

"मी रडत बसले, टीचर. लिहिलं नाही."

"निबंध राहू दे. रजा मिळेल, मी बोलते. तू घरी जा."

तिनं मान हलवली. "गेले तर मला कळलंय हे त्यांना कळेल. मग आई मला सॉरी म्हणेल. ते मला ऐकवणार नाही."

ती गेली नाही. दर रविवारी फोनवर ती विचारते, आजोबा कसे आहेत. आई सांगते, झोपलेत. लिन म्हणते, झोपू दे.

तेव्हापासून मी दुपारचा क्लास संपला की ट्रॅममधून घरी फोन लावते.

"बाबा कुठायत?"

"फिरायला गेलेत."

"येईपर्यंत थांबते मी."

"अगं, इंग्लंडला जाऊन पोलीस झालीस का?"

आई भाजीचे भाव सांगते, शेजारच्या लग्नाचं सांगते. मी फक्त तिचा आवाज तपासत असते. पूर्वी घर म्हटलं की खोल्या आठवायच्या, माझी खिडकी, स्वयंपाकघरातला वास. आता घर म्हणजे फोनवर ही वाट पाहणं. मग दाराची कडी वाजते, चपला निघतात आणि बाबा लांबूनच विचारतात, "कोणाचा फोन गं?"

कधीकधी त्याआधी माझा स्टॉप येतो. मी उतरत नाही.