उडीबद्दल तक्रार नाही

जिना उतरताना शेवटची पायरी ते नेहमी गाळत. कपाचा कान कायम डावीकडे ठेवत. समोरचा बोलत असला की त्यांची दोन बोटं टेबलावर बटणं दाबल्यासारखी हलत. वाटेत डबकं आलं की थांबत, डोळ्यांनी अंतर मोजत आणि मग मुकाट वळसा घालून जात. वय त्रेपन्न. ऑफिसात त्यांना सगळे उडीमास्तर म्हणत.

एका व्हिडिओ गेममध्ये एक टपालवाला छपरांवरून उड्या मारत पत्रं पोचवायचा. त्याची उडी यांनी घडवलेली. किती उंच, किती जड, उतरताना गुडघे किती वाकायचे, सगळं. तिच्यात एक गुपित होतं. छपराची कडा सुटल्यावरही क्षणाचा दहावा हिस्सा बटण चालायचं. खेळणाऱ्याला ते कळत नसे. त्याला वाटे, आपणच वेळेवर दाबलं.

उडीची परीक्षा ताई घ्यायची. ही थोरली बहीण शिवणकाम करायची आणि एरवी गेमच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे. चष्मा कपाळावर सरकवून ती कंट्रोलर हातात घ्यायची.

"पडला मेला. थांब, माझंच चुकलं. परत दे."

'माझंच चुकलं' ऐकलं की उडीमास्तर खूश. उडी जमली.

दोन भाग तुफान चालले. तिसऱ्याच्या आधी कंपनीने खेळणाऱ्यांना विचारलं, आणखी काय हवं? कुणी घोडा मागितला, कुणी बंदूक, कुणी टपालवाल्याच्या घराला पडदे. अहवाल लिहायचं काम उडीमास्तरांच्या गळ्यात पडलं. शेवटी त्यांनी अभिमानाने एक ओळ घातली: उडीबद्दल एकही तक्रार नाही.

साहेबांनी बैठकीत ती ओळ मोठ्याने वाचली. "म्हणजे उडीचं कुणाला काही पडलेलं नाही."

तोंड उघडायची वेळ तीच होती. न दुखणाऱ्या दाताची आठवण कुणाला होते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते म्हणाले, "बघा तुम्ही."

तिसऱ्या भागात टपालवाल्याला घोडा मिळाला, बंदूक मिळाली. कडेपाशी नेलं की तो आपोआप पलीकडे जाऊ लागला.

ताईने दहा मिनिटांत कंट्रोलर खाली ठेवला. "हा माझ्याशिवायच उडतो की रे. मग मी कशाला बसलेय? तिकडे बाह्या लावायच्या राहिल्यात."

"घोडा चांगला झालाय."

"असेल. घोड्याला सांग पत्रं टाकायला."

चौथ्या भागात पत्रंही नव्हती. नुसत्या लढाया. जुने खेळणारे निघून गेले. नवे आले नाहीत, कारण लढायांचे गेम पैशाला पासरी होते. साहेब म्हणाले, जाहिरात कमी पडली. उडीमास्तर घरी ताईला म्हणाले, "ती ओळ मीच लिहिली होती."

"मग दुसरी लिही. हात मोडलेत का?"

त्यांनी लिहिली. सात वर्षं उशिरा. साहेबांना चार पानी पत्र. लोक नवं मागतात ते जुनं आहेच असं धरून मागतात, असं त्यात होतं. साहेब नरमले.

"एक गाव करून दाखवा. चाळीस छपरं. जमलं तर पाचव्या भागात उडी परत."

जुने आकडे नव्या गेममध्ये चालेनात. दोन छपरांमधली प्रत्येक फट नव्याने जुळवावी लागली. उडीमास्तर एकेक छप्पर करत, ताईपुढे ठेवत, पुन्हा बदलत. इतक्या वर्षांत त्यांना कामावर वेळेआधी येताना कुणी पाहिलं नव्हतं. आता रोज यायचे.

परवा मंगळवारी सकाळी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय बंद पडलं. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं, विचार करताहेत.

तेवीस छपरं झाली आहेत. चोविसाव्याची फट त्यांनी मोजली होती. आकडा भरायचा राहिला. टपालवाला तिथे कडेवर उभा आहे. बटण दाबलं की सरळ खाली जातो.