हरळी ठिवा, पाथरी काढा

गोल्फ ह्या खेळातलं मला जेवढं कळतं, तेवढं सबंध वेल्हे तालुक्यात कुणाला कळत नाही! आता तालुक्यात दुसऱ्या कुणाला कुणी विचारलंच नाही, ही गोष्ट वेगळी. आणि मलाही एवढंच कळतं की पांढरा चेंडू काठीनं हाणत न्यायचा आणि खड्ड्यात घालायचा. म्या आपला इथल्या गोल्फच्या मैदानावरच्या गवताचा मुकादम. थंडी पडली की मैदानावर तण माजतं, आणि तणाबरोबर किस्से. तण निदान उपटता तरी येतं!

*

पहिल्या हिवाळ्यात पासली गावच्या बायकांची टोळी खुरपणीला आणली. म्होरकी पारूबाई. जन्म भातखाचरात आणि बांधावर गेलेला. मैदान सांभाळणारे साहेब पुण्याचे, शेतकीचं शिकलेले. "सगळं तण काढा," असं सांगून मीटिंगला गेले. दुपारी येऊन बघतात तर हिरवळीच्या जागी तांबडी माती, आणि भाजीची पाथरी तेवढी मधी मधी ऐसपैस पसरलेली!

"अहो, हरळी काय काढलीत? ती विकत आणून लावलीय!"

पारूबाईच्या हातातलं खुरपंच गळालं. "हरळी? इकत? साहेब, तुमाला कुनीतरी गंडवलंय. आमच्या बांधावर या, टेम्पो भरून फुकट न्या!"

*

तेव्हापासून हुकूम सुटला: हरळी ठिवा, पाथरी काढा. पण पाथरीची भाजी लई गुणाची! बायका वरची पानं खुडून घरी न्यायच्या आणि मूळ जमिनीत तसंच ठेवायच्या. आठवड्यात पाथरी पुन्हा ताजी.

साहेब हैराण. "हे तण मरत का नाही?"

म्या गंभीर तोंड केलं. "पहाटे दव पडतं ना, त्या दहिवरावर वाढतंय साहेब. दहिवर बंद करा!"

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साहेब स्वतः गोणपाट घेऊन मैदान पुसत होते!

*

मग थंडीनं हरळी पिवळी पडली. साहेबांनी हिरवा रंग मागवून फवारला. पाथरीलाबी फुकटात रंगवलं! सकाळी वरच्या वाडीचा भागूजी धनगर मेंढ्या घेऊन खाली मैदानावर उतरला, आणि दुपारी भांडायलाच आला. "माझ्या मेंढ्यांची तोंडं हिरवी झाली!"

साहेबांना घाम फुटला. म्या म्हटलं, "भागूजी, नशीबवान हाईस! आता चोरीला गेल्या तरी कुनाच्या ते कळंल."

भागूजीनं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "मंग घरी ऱ्हायल्यात त्याबी आनू का?"

*

यंदा मात्र मस्करी अंगाशी आली. मैदानाच्या मालकांनी पाहुण्यांचा सामना ठेवला आणि बजावलं, "हिरवळीवर तण दिसलं तर उद्यापासून बायका बंद. फवारायचं यंत्र आणतो." भात काढून झालेलं, थंडीत टोळीला हे एकच काम. पारूबाईचं तोंड एवढंसं झालं.

सामन्याच्या सकाळी साहेब, म्या आणि टोळी शेवटची नजर फिरवतोय, तर चौथ्या खड्ड्याभोवती पाथरी डुलतेय! खुरपी साहेबांनी कुलपात घातलेली, आणि मालक पाहुण्यांना घेऊन टेकाडावर आलेच. उपटायला वाकलो तर तिथूनच दिसणार.

"बसा गं!" म्या ओरडलो.

एकेका पाथरीवर एकेक बाई साडी पसरून बसली. सगळ्यात मोठी पाथरी खड्ड्याच्या तोंडाशी, तिच्यावर पारूबाई.

मालकांनी विचारलं, "ह्या इथं कशाला?"

"प्रेक्षक आणलेत मालक! टीव्हीवर असत्यात तसे."

बायकांनी लगेच टाळ्या वाजवल्या. मालक खूश! पाहुण्यानं चेंडू हाणला. तो घरंगळत घरंगळत आला आणि पारूबाईच्या गुडघ्याला टेकून थांबला. खड्डा बरोबर तिच्या पलीकडं.

"बाई, जरा सरका," मालक म्हणाले.

पारूबाई हलेना. साहेब पांढरेफटक. म्या डोळ्यांनी खुणावतोय, तर ती माझ्याकडं बघेचना.

"अहो बाई, उठा! चेंडू ह्या खड्ड्यात घालायचाय!"

पारूबाईनं पदर सारखा केला, मांडी आणखी ऐसपैस घातली.

"मालक, अठरा खड्डं खणून ठिवल्यात की तुमच्यासाठी! ह्योच कशाला पायजे? फुडच्यात टाका!"